टाळूतलं भोक नेमकं कुठं असतं? ग्रेटर पॅलाटाईन फोरामेन शोधायची पद्धत, अगदी पहिल्यापासून

"मॅडम, पुस्तकात दुसऱ्या दाढेसमोर दिलंय, सर म्हणाले तिसऱ्या दाढेसमोर, मग नेमकं टोचायचं कुठं?" वरची दाढ काढायच्या आधी टाळूच्या हाडातल्या ज्या भोकातून नर्व्ह, म्हणजे संवेदनेची नस, बाहेर येते त्याच्यापाशी भूल द्यायची असते, त्या सुईबद्दलचा हा प्रश्न मला दरवर्षी एक तरी इंटर्न विचारतोच. मी सोलापुरात बरीच वर्षं दातांची प्रॅक्टिस करते, अधूनमधून मुलं बघायला शिकायला येऊन बसतात, आणि प्रत्येक वेळी हेच सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय. उत्तर असं आहे की पुस्तकही बरोबर आणि सरही बरोबर, पण दात बघून टोचायचंच नाही, हाड चाचपून टोचायचं. बाकीचा सगळा लेख म्हणजे ते चाचपायचं कसं एवढंच.

हे बीडीएसच्या मुलांसाठी, इंटर्नसाठी आणि नवीन क्लिनिक टाकलेल्यांसाठी आहे. बाकी कुणी उत्सुकतेने वाचत असेल तर वाचा जरूर, पण सुईचा भाग नुसता वाचायचा.

आधी मला हे कळलं कसं ते सांगते, कारण त्याशिवाय मी एवढी मागे का लागते ते लक्षात येणार नाही. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या दिवसात विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतून एक मावशी आल्या होत्या, वरची डावी दुसरी दाढ काढायची होती. पहिली दाढ वीसेक वर्षांपूर्वीच काढलेली. बाहेरून भूल दिली, आतून टाळूला दुसऱ्या दाढेच्या समोर दिली, थांबले, दाढेला हात लावला आणि मावशी खुर्चीत ताठ झाल्या. "ताई, भायेरनं काय नाय वाटत, पण आतल्या बाजूला लई चमकतंय." परत टोचलं, परत तेच. डोळ्यातनं पाणी, पण बाई एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. शेवटी ओळखीच्या एका सीनियर डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले कापूस घे आणि भोक शोध आधी. शोधलं तर ते अक्कलदाढेच्या, म्हणजे तिसऱ्या दाढेच्याही मागच्या अर्ध्यात सापडलं. पहिली दाढ गेल्यावर मागच्या दोन्ही दाढा हळूहळू पुढे सरकल्या होत्या, भोक मात्र हाडात होतं तिथंच होतं. मी दाताला खूण धरली आणि खूणच जागेवर नव्हती.

टाळूत भोकं किती आणि कसली

कडक टाळूचा पुढचा मोठा भाग, साधारण दोन तृतीयांश ते पाऊण, वरच्या जबड्याच्या हाडाचा म्हणजे मॅक्झिलाचा असतो, आणि मागचा उरलेला भाग पॅलाटाईन हाडाच्या आडव्या पट्टीचा. डावी उजवी अशी चार हाडं मिळून हे छत बनतं, मधे उभी शिवण आणि मागे आडवी शिवण.

या छताला भोकं तीन ठिकाणी. पुढे मधोमध, दोन मधल्या दातांच्या मागे, इन्सायझिव्ह फोसा, तिथून नेझोपॅलाटाईन नर्व्ह खाली उतरते. मागे दोन्ही कोपऱ्यात ग्रेटर पॅलाटाईन फोरामेन, यापुढे मी जीपीएफ म्हणते, तिथून ग्रेटर पॅलाटाईन नर्व्ह आणि रक्तवाहिन्या बाहेर पडून पुढे सुळ्याकडे जातात. आणि त्याच्या लगेच मागे बारीक बारीक लेसर पॅलाटाईन फोरामिना, बहुतेक वेळा एका बाजूला एक किंवा दोन, कधी जास्त, त्यांच्या नर्व्ह मऊ टाळूला आणि पडजिभेकडे जातात. ही शेवटची बारकी भोकं भूल देताना कामाची नाहीत, उलट त्यांच्यापासून लांब राहायचं, ते का ते पुढे येईल.

आता जीपीएफची जागा. वेगवेगळ्या देशांतल्या कवट्यांवर मोजमापं झालीत, भारतीय कवट्यांवरही भरपूर झालीत. भारतीय कवट्यांत सगळ्यात जास्त वेळा ते तिसऱ्या दाढेच्या समोर सापडतं, निम्म्याहून जास्त कवट्यांत. त्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दाढेच्या मधे किंवा तिसरीच्या मागे, आणि नेमकं दुसरीसमोर म्हणाल तर कमी वेळा. चिनी कवट्यांच्या अभ्यासात मात्र दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे जास्त सापडलं. म्हणजे ज्या देशात पुस्तक लिहिलं तिथल्या माणसांची सरासरी आपल्या माणसाला लागू पडेलच असं नाही, आणि आपलीही सरासरी तुमच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला लागू पडेलच असं नाही.

मिलिमीटरमधे बोलायचं तर मधल्या शिवणीपासून साधारण १४ ते १६ मिमी बाहेर, आणि कडक टाळूच्या मागच्या कडेपासून साधारण २ ते ५ मिमी पुढे. या दोन आकड्यांमधला फरक बघा. मधल्या शिवणीपासूनचं अंतर माणसामाणसात फार हलत नाही. पुढे-मागे जे काय हलतं ते दातांच्या हिशोबात हलतं. म्हणून दाढेपेक्षा मधली रेघ आणि मागची कड या दोन खुणा जास्त भरवशाच्या, कारण त्या काढल्या जात नाहीत, किडत नाहीत, सरकत नाहीत.

असं का होतं? एक तर दाढा येतात तसा टाळू मागे मागे वाढत जातो आणि भोकही त्याबरोबर मागे जातं, त्यामुळे लहान मुलात ते पुढे असतं, साधारण जी शेवटची दाढ आलीय तिच्या आसपास. म्हणजे सात वर्षांच्या पोरात "तिसऱ्या दाढेसमोर" याला अर्थच नाही, तिसरी दाढ अजून हाडातसुद्धा नीट बनलेली नसते. दुसरं म्हणजे अक्कलदाढ कुणाला येतच नाही, कुणाची वाकडी येते. आणि तिसरं आपल्याकडचं नेहमीचं, पहिली दाढ लवकर किडते लवकर काढली जाते आणि मागच्या पुढे कलतात. मावशींचं तेच झालं होतं.

पहिली पायरी: स्वतःच्या तोंडात बघा

हात स्वच्छ धुवा, नखं कापलेली असू देत, आरशासमोर उभं राहा. जिभेचं टोक वरच्या दोन मधल्या दातांच्या मागे लावा, एक मऊ दाण्यासारखा उंचवटा लागेल, ती इन्सायझिव्ह पॅपिला, तिच्या खालीच पुढचं भोक आहे. तिथून मागे जाताना आडव्या घड्या लागतात, मग सपाट गुळगुळीत छत, आणि एका जागी एकदम मऊ लागायला लागतं, तिथं कडक टाळू संपला.

आता बोट पहिल्या दाढेच्या आतल्या हिरडीवर ठेवा आणि मधल्या रेघेकडे सरकवा. आधी उतरती भिंत लागते, मग ती भिंत छताला मिळते. घराच्या खोलीत भिंत आणि स्लॅब मिळतो तो कोपरा असतो ना, तसाच कोपरा. हाच आपला रस्ता. या कोपऱ्यातून बोट दाबत दाबत मागे न्या, दुसरी दाढ, तिसरी दाढ, आणि कुठंतरी बोटाखाली कडक हाड जरा दबल्यासारखं, खळगा असल्यासारखं वाटेल, दाबलं तर किंचित दुखेलही. ओकारी येत असेल तर नाकाने श्वास घ्या, जबरदस्ती करू नका. बोटाने सगळ्यांना लागत नाही, बोट जाड असतं, म्हणून पुढे कापूस वापरायचा.

एक घोटाळा इथंच सांगते. तिसऱ्या दाढेच्या मागे आणि जरा आतल्या बाजूला एक टणक गोटीसारखं टोक लागतं, ते हॅम्युलस. बरीच मुलं तिथं थांबतात आणि सापडलं म्हणतात. हॅम्युलस वर आलेला लागतो, भोक आत गेलेलं लागतं. टेकाड लागलं तर तुम्ही जास्त मागे गेलात, परत पुढे या.

दुसरी पायरी: कवटीवर मोजा

ही पायरी बहुतेक मुलं गाळतात आणि मला त्याचंच सगळ्यात वाईट वाटतं, कारण पहिल्या वर्षी कॉलेजच्या अ‍ॅनाटॉमीत कवट्या हाताशी असतात आणि नंतर आयुष्यात परत एवढ्या कवट्या हातात येत नाहीत. सोलापुरात केगावला डेंटल कॉलेज आहे, गावात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे, म्हणजे ज्याला शिकायचंय त्याला इथल्या इथं हाडं बघायला मिळतात, पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. डिपार्टमेंटला रीतसर अर्ज करा, दुपारचे दोन तास मागा, आणि बसा. एक गोष्ट मात्र पाळा, ती कवटी कुणाची तरी आहे, कुणीतरी आपलं शरीर दिलं म्हणून आपण शिकतोय, तिच्याबरोबर सेल्फी नकोत.

लागणारं सामान फार नाही. व्हर्नियर कॅलिपर, ऑर्थोची पातळ वायर, टॉर्च, वही. कवटी उलटी, दात वर करून मऊ कापडावर ठेवा, नाहीतर घरंगळते आणि दात पडतात.

आधी भोक खरं आहे का ते बघा. जुन्या कवट्यांचं टाळूचं हाड पातळ झालेलं असतं, तुटूनही भोकं पडतात. खऱ्या भोकाची कड गुळगुळीत असते, आकार बहुतेक वेळा पुढे-मागे लांबट अंडाकृती असतो आणि वायर घातली की ती वरच्या बाजूला नळीतून सरकत टेरिगोपॅलाटाईन फोसामधे, म्हणजे वरच्या जबड्याच्या मागच्या खोल पोकळीत, निघते. तुटलेल्या भोकाची कड खरबरीत आणि वायर थेट नाकात. ही वायर घालायची सवय फार कामाची आहे, कारण नळी सरळ वर जात नाही, थोडी वर आणि मागे कलते, ते हाताला एकदा कळलं की विसरत नाही.

मग मोजा. भोकाच्या मध्यापासून मधल्या शिवणीपर्यंत, भोकाच्या मध्यापासून मागच्या कडेपर्यंत, दोन्ही बाजूंचं वेगळं. मध्यापासून मोजायचं ठरवलं तर शेवटपर्यंत मध्यापासूनच, काही जण आतल्या कडेपासून मोजतात आणि मग आकडे जुळत नाहीत म्हणून भांडतात, जुळणार कसे? प्रत्येक माप दोनदा घ्या, दुसऱ्यांदा घेताना पहिला आकडा झाकून ठेवा. मग दाढांशी नातं लिहा: दुसरीसमोर, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे, तिसरीसमोर, तिसरीच्या मागे. दाढ नसेल तर तिची सॉकेट, म्हणजे हाडातला दाताचा खड्डा, बघा, सॉकेटही भरून गेली असेल तर सरळ "सांगता येत नाही" असं लिहा, अंदाजाने भरू नका.

शेवटी भोकाचं तोंड कुणीकडे उघडतं ते बघा. काही सरळ खाली उघडतात, काही पुढे आणि आत, काही पुढे आणि बाहेर. साधी भूल द्यायची तर याने फार फरक पडत नाही, पण सुई नळीत घालायची वेळ आली तर पडतो. आणि मागची बारकी भोकं मोजा, डावीकडे किती उजवीकडे किती. वीस कवट्या मोजून झाल्या की तुमच्या वहीत दिसेल की सरासरी काढली तर डावं-उजवं जवळपास सारखं येतं, पण एकाच माणसात दोन्ही बाजू मिलिमीटर मिलिमीटर सारख्या असतातच असं नाही. उजवीकडे सापडलं तिथंच डावीकडेही असणार असं धरून टोचायचं नाही हे तिथं कळतं.

तिसरी पायरी: पेशंटच्या तोंडात शोधणं

पेशंटला आडवं करा, डोकं मागे, तोंड पूर्ण उघडं. लाईट नीट पाडा, तोंडात आरसा धरा. कापूस लावलेली काडी घ्या, म्हणजे कॉटन स्वॅब, ती पहिल्या दाढेच्या समोर त्या भिंत-छताच्या कोपऱ्यात ठेवा आणि दाबत दाबत मागे न्या. घाई करू नका. हाडावरून जाताना काडी कडक लागते, भोकावर आली की खळग्यात बसते, हाताला सूक्ष्म "डुब" असं जाणवतं. पेशंटला आधीच सांगून ठेवा, "काका, मी दाबतेय, एका जागी जरा वेगळं वाटेल, हात वर करा." पन्नासातले चाळीस जण बरोबर त्या जागी हात वर करतात, हा माझ्या खुर्चीचा अनुभव, अभ्यास नव्हे.

आपल्याकडे सोलापूरच्या पूर्वभागातून येणाऱ्या बऱ्याच आजींना मराठी कळतं पण घाबरल्यावर तेलुगूच तोंडात येतं. "अम्मा, नोप्पी (दुखणं) का नुसता दाब?" एवढं विचारलं तरी चेहरा सैल होतो. दाब आणि दुखणं यातला फरक पेशंटला सांगता आला पाहिजे, नाहीतर तो दाबालाच दुखणं म्हणतो आणि तुम्ही परत परत टोचत बसता.

काडी खळग्यात बसली की तिथंच दाबून धरा, डोळ्यांनी दाढेशी नातं बघून घ्या आणि मधल्या रेघेपासूनचं अंतरही नजरेने मापा. दीड सेंटिमीटरच्या आसपास बसतंय का? त्यापेक्षा बरंच जास्त वाटत असेल तर तुम्ही कोपऱ्यात नाही, हिरडीवर आहात.

खळगा लागतच नाही असंही होतं. टाळूची चामडी जाड असेल तर लागत नाही. मग कडक-मऊ टाळूची सीमा शोधा, पेशंटला "आऽऽ" म्हणायला लावा, मऊ भाग हलेल, त्या सीमेपासून काही मिलिमीटर पुढे, कोपऱ्यात, तिथं शोधा.

चौथी पायरी: भूल देणं

सुई भोकात घालायची नसते, हे आधी डोक्यात पक्कं करा. भोकाच्या जरा पुढे द्यायची. नर्व्ह भोकातून निघून पुढेच येते ना, मग तिला वाटेत गाठायचं. थोडं पुढे राहिलात तर मागच्या बारक्या नर्व्हपासूनही लांब राहता.

वरून लावायची जेल लावून दोन मिनिटं थांबा, खरंच घड्याळ बघून दोन मिनिटं. मग काडीने भोकावर घट्ट दाबा, किमान अर्धा मिनिट, जागा पांढरट पडते. टाळूचं इंजेक्शन दुखतं कारण तिथली चामडी हाडाला घट्ट चिकटलेली, औषधाला पसरायला जागाच नाही. दाबाने ती जागा थोडी बधिर होते. काडी दाबलेलीच ठेवून तिच्या लगेच पुढे सुई टेकवा, २७ गेजची असेल तर उत्तम, आपल्याकडे बऱ्याच क्लिनिकमधे साधी २ मिलीची सिरिंज आणि २६ गेजची सुई असते, त्यानेही जमतं, फक्त हात हळू हवा. एक-दोन थेंब सोडा, थांबा, मग थोडी आत. साधारण ५ मिमी गेल्यावर हाड लागतं. हाड लागलं की कणभर मागे या, दांडा ओढून रक्त येतंय का बघा, नाही आलं तर अगदी हळू, अर्ध्या मिनिटात, जेमतेम अर्धा मिली. त्यापेक्षा जास्त नको. जोर लावावा लागत असेल तर वेग कमी करा, जोर वाढवू नका.

अ‍ॅड्रेनॅलिन असलेलं औषध टाळूत जास्त आणि जोरात भरलं तर तिथला रक्तपुरवठा बराच वेळ तुटतो आणि काही दिवसांनी तिथं पांढरा व्रण पडतो, चामडी मरते. बहुतेक वेळा तो आपोआप भरतो, पण तोपर्यंत पेशंटचे जेवणाचे हाल होतात. त्याला तो व्रण दाढ काढल्याचा नाही तर टोचल्याचा आहे हे कळतं बरं का.

दोन-तीन मिनिटं थांबा. मग त्या बाजूचा टाळू मागून पुढे पहिल्या प्रीमोलारपर्यंत, म्हणजे सुळ्याच्या लगेच मागच्या छोट्या दाढेपर्यंत, आणि आत मधल्या रेघेपर्यंत बधिर होतो. पहिल्या प्रीमोलारपाशी पुढून येणाऱ्या नेझोपॅलाटाईन नर्व्हचा भाग मिसळलेला असतो, त्यामुळे तिथं अर्धवट भूल लागली तर घाबरायचं नाही, तिथल्या तिथं थोडी वेगळी द्यायची.

आता चुका आणि त्यांची कारणं. मागे भूल नाही आणि पुढे आहे, म्हणजे तुम्ही भोकाच्या फार पुढे दिलीत. मऊ टाळू बधिर झाला, पेशंट म्हणतो घशात काहीतरी अडकलंय, गिळता येईना, म्हणजे फार मागे दिलीत. अशा वेळी पेशंटला उठून बसवा, पाण्याचा घोट द्या, श्वास चालूच आहे हे त्याला दाखवा आणि भूल उतरेपर्यंत जवळ थांबा. आणि बाहेरून दिलेली भूलच कमी पडली असेल तर टाळूला दोष देऊ नका, आधी ते तपासा.

नळीत सुई घालणं

जीपीएफच्या नळीतून साधारण ३० मिमी वर गेलं की टेरिगोपॅलाटाईन फोसामधे पोचतो आणि अख्खी मॅक्झिलरी नर्व्ह, म्हणजे वरच्या जबड्याची मुख्य नर्व्ह, बधिर करता येते. इथं भोकाची जागा आणि तोंडाची दिशा दोन्ही नेमकी लागतात. पण इंटर्नने हे एकट्याने करायचं नाही. काही माणसांत नळीत हाडाचा अडथळा असतो, शंभरात पाच ते पंधरा जणांत, आणि अडली की ढकलायची नाही, बाहेर काढायची. डोळ्याची खोबण तिथून लांब नाही, औषध तिकडे गेलं तर तात्पुरतं दोन-दोन दिसतं. सर्जनसोबत बघा, शिका, मग करा.

पुढचं भोक, आणि एक्सरेतली फसवणूक

पुढच्या भोकाची जागा फार हलत नाही, पॅपिला आहे ना वर. तिथं दोन्ही बाजूच्या नर्व्ह एकत्र येतात म्हणून एका टोचण्यात सुळ्यापासून सुळ्यापर्यंतचा आतला भाग बधिर होतो. आत नळीचे प्रकार मात्र खूप, नाकाकडे दोन तोंडं आणि खाली एक असं वायच्या आकाराचं बहुतेकदा, कुणाची एकच नळी, कुणाला मधोमध जादाची बारकी भोकं. इम्प्लांट टाकणाऱ्यांनी मधल्या दाताच्या जागी सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) बघितल्याशिवाय ड्रिल लावू नये एवढंच म्हणते.

पण एक्सरेचं जरा थांबून सांगते, कारण यात चांगला दात विनाकारण रूट कॅनाल झालेला मी बघितलाय. मधल्या दाताच्या मुळाच्या टोकावर एक काळा गोल दिसतो आणि घाईत त्याला पू झालाय म्हटलं जातं. तो दात आधी जिवंत आहे का ते थंड लावून तपासा. मुळाभोवतीची पांढरी रेघ अखंड आहे का बघा. आणि कोन बदलून दुसरा एक्सरे घ्या, काळा गोल मुळाच्या टोकापासून सरकला तर ते भोक आहे, टोकाला चिकटूनच राहिला तर दुखणं दाताचं. भोकाची रुंदी ६ मिमीपेक्षा जास्त वाटली तर मात्र सिस्टचा, म्हणजे हाडातल्या पाण्याच्या पिशवीचा, विचार करा आणि पुढच्या तपासणीला पाठवा.

टाळूतून हिरडीसाठी तुकडा घेताना

हिरडी उतरलेली झाकायला टाळूतून ग्राफ्ट घेतात, तिथं भोकापेक्षा भोकातून निघालेली रक्तवाहिनी कुठून जाते हे महत्त्वाचं. टाळूच्या उंचीवरून अंदाज येतो: दाताच्या मानेपासून, म्हणजे एनॅमल संपतं तिथून, सपाट टाळूत साधारण ७ मिमीवर, मध्यम टाळूत १२ आणि उंच कमानीच्या टाळूत १७ मिमीवर ती असते. प्रोब, म्हणजे मापाच्या खुणा असलेली बारीक सळई, लावून आधी मोजा, तुकड्याची उंची त्यापेक्षा २ मिमी तरी कमी ठेवा. तुकडा सुळ्याच्या मागून पहिल्या दाढेच्या पुढच्या कडेपर्यंतच्या पट्ट्यातून घ्या, मागे जाल तसे भोकाजवळ जाता आणि तिथं वाहिनी जाड असते. रक्त लागलंच तर जखमेवर आणि तिच्या मागे भोकाच्या बाजूला बोटाने हाडावर घट्ट दाबा, पाच-दहा मिनिटं सोडू नका, थांबलं नाही तर जखमेच्या मागे टाका घालून वाहिनी आवळा. भोकाच्या अगदी तोंडाशी कापली गेली तर तिचं टोक नळीत आत ओढलं जातं आणि मग फार अवघड होतं, म्हणून मागे जायचंच नाही.

काही पेशंट ज्यांच्यात सगळं बदलतं

तोंडात एकही दात नसलेल्या आजोबांत दाढेची खूणच नाही, आणि हाड झिजल्यामुळे भिंत उतरत जाते, कोपराही पुसट होतो. तिथं मधल्या रेघेपासून दीड सेंटिमीटर आणि मऊ टाळूच्या सीमेपासून थोडं पुढे, असं छेदून जागा काढायची आणि मग काडीने खात्री करायची. लहान मुलांत शेवटच्या आलेल्या दाढेच्या मागच्या भागापाशी शोधायला सुरुवात करायची, हलक्या हाताने.

आणि मावा-गुटखावाले. आपल्या जिल्ह्यात पंचविशीतली पोरं दोन बोटंसुद्धा तोंड उघडत नाहीत अशी येतात. सबम्युकस फायब्रोसिसमधे, म्हणजे सुपारी-गुटख्याने तोंडाची आतली चामडी ताठ होण्याच्या आजारात, टाळूची चामडी पांढरी, ताठ, तिथं काडी नीट मागे जात नाही, खळगा जाणवत नाही आणि औषधही पसरत नाही. मी अशा वेळी जबरदस्ती करत नाही. तोंड किती उघडतंय ते मिमीमधे लिहून ठेवते, त्या पोराच्या आईला समोर बसवून सांगते की दाढ नंतर, आधी पुडी बंद, आणि ओरल सर्जनकडे चिठ्ठी देते. त्याचं दाढेचं दुखणं मी गोळीने चार दिवस थांबवू शकते, पण त्या ताठ टाळूकडे दुर्लक्ष करून चालत नाही, तिथं पुढे काय होऊ शकतं हे आपल्याला माहिती असतं.

घरी जाताना

भूल उतरेपर्यंत, म्हणजे दोन-तीन तास, काही गरम किंवा कडक खायचं नाही, हे सगळेच सांगतात. सोलापुरात मी स्पष्टच सांगते की कडक भाकरी आणि शेंगा चटणी दोन दिवस नको. बधिर टाळूला कडक भाकरीची कड लागून चिरतं आणि कळतही नाही, मग चटणी लागली की रात्रभर आग. भाकरी दुधात किंवा आमटीत पूर्ण भिजवून खा म्हणायचं. आणि चार-पाच दिवसांनी टाळूवर पांढरा डाग किंवा जखम दिसली तर घरगुती काही न लावता परत या म्हणायचं.

मग पेशंट उठून गेला की केसपेपरवर एक ओळ लिहा, बाजू आणि भोक सापडलं ती जागा: "डावं जीपीएफ, तिसऱ्या दाढेच्या मागच्या अर्ध्यात, कापसाने लागलं." त्या मावशी पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूची दाढ घेऊन आल्या तेव्हा मी तो कागद काढला, डावीकडचं वाचलं आणि तरी उजवीकडे परत पहिल्या दाढेपासून काडी दाबत निघाले. या वेळी ते जरा पुढे सापडलं, तिसरीच्या अगदी समोर. एकदाच टोचलं. दाढ निघाल्यावर मावशींनी विचारलं, "झालं व्हय?"